भूकंप सोसलेल्या वयस्क माणसांचं नैराश्य : उपचार कुठून सुरू करायचे?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूरला असतो. गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या ५२ गावांपैकी एक. आईबद्दल विचारायचंय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचं माळवदाचं घर बसलं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचा भार, त्यातून फार थोडे वाचले. माझी आजी आणि धाकटी बहीण गेली. आईला दुपारी बाहेर काढलं. मी तेव्हा लातूरला वसतिगृहात होतो.

वडील होते तोवर तिचं चालून जायचं. स्लॅबखाली मात्र ती कधीच झोपली नाही. अंगणात बाज, पाऊस आला तर पत्र्याच्या पडवीत. गणपती आले की अबोल व्हायची. घरात त्या रात्रीवर कुणी बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरलेलं. वडील गेल्यावर सगळं पालटलं. जेवण चतकोर भाकरीवर आलं. गोधड्या शिवायची, शेजारणींना शिकवायची, ते सोडलं. "जीव घाबरा होतो, अंग ठणकतं, छातीत धडधडतं" एवढंच म्हणते. ईसीजी झाला, इको झाला, हृदय ठणठणीत आहे. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोली-नांदेडकडं धक्के बसल्याची बातमी लागली, तेव्हापासून तर रस्त्यानं ट्रक गेला तरी उठून बसते. हल्ली विसरायलीय पण. धाकटा भाऊ म्हणतो, हे विसरण्याचं दुखणं सुरू झालंय. पाहुणे म्हणतात वय झालं, होणारच. गावातल्या डॉक्टरांनी झोपेची अल्प्राझोलामची गोळी दिलीय, ती कित्येक महिने चालूच आहे.

हे नैराश्य म्हणायचं की भूकंपाचा धक्का? आधी कशावर उपचार करायचा? या वयात या औषधांचा त्रास होत नाही ना? आणि बोलून करायचे उपचार आमच्या आईसारख्या शाळा न शिकलेल्या बाईला जमतील का?

निटूरची

भाऊ, माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच. त्यांच्या बाबतीत शेतातल्या विहिरीवरचा अपघात होता. सुरुवातीला आम्ही सगळं पोटाच्या डॉक्टरांकडंच दाखवत बसलो, कारण ते पोट दुखतं म्हणायचे. मनाचं कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारताय हे फार चांगलं करताय. उत्तरं जाणकार देतील, मीही वाचते.

मनोवैद्य

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच शासकीय सेवेत. इथं बसून निदान करणं योग्य नाही, पण दिशा सांगते.

तेरणाकाठ, तुम्ही 'हे की ते' विचारलंत. बहुतेक वेळा दोन्ही असतं. मोठ्या आघातानंतर जे दुखणं राहतं त्याला पीटीएसडी म्हणतात. १९८० पासून ते मानसोपचाराच्या वर्गीकरणात आहे. त्या प्रसंगाची दृश्यं आपोआप समोर येणं, वाईट स्वप्नं, दचकणं, सतत सावध राहणं आणि त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, ही त्याची खूण. स्लॅबखाली न झोपणं आणि घरात तो विषय न निघणं हे टाळण्यातच मोडतं. त्यावर नैराश्य चढतं तेव्हा भूक जाते, रस जातो, हातपाय गळतात. किल्लारीनंतर वाचलेल्यांची जी तपासणी झाली, तीतही हीच दोन दुखणी ठळकपणे पुढं आली होती.

मग इतकी वर्षं बरं होतं आणि आताच का? कारण आधार सुटले. संसार, शेती, नवरा यांच्या रामरगाड्यात माणूस आठवण दाबून ठेवू शकतो. जोडीदार जातो, हातचं काम थांबतं, एखादं आजारपण येतं, आणि दाबलेलं वर येतं. हे वयामुळं 'होणारच' या सदरात टाकू नका. नैराश्य म्हातारपणाचा नेहमीचा भाग नाही. तो आजार आहे आणि सत्तरीतही त्याला उतार पडतो.

आधी कशावर, तर एकाला थांबवून दुसऱ्यावर नाही. दोन्हींचा उपचार सोबत चालतो. सर्ट्रालिनसारखी एसएसआरआय गटातली (नैराश्यावर नेहमी दिली जाणारी) औषधं दोन्हींवर काम करतात, म्हणून बहुतेक वेळा सुरुवात तिथून होते. उतारवयात निम्म्या मात्रेनं सुरू करायचं, हळूहळू वाढवायचं, पण पुरेशा मात्रेपर्यंत न्यायचं. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी लोकांना औषध मिळालेलं असतं, पण इतक्या कमी मात्रेत आणि इतके थोडे दिवस की त्याचा उपयोग झालेलाच नसतो. तरुणाला चार-सहा आठवड्यांत फरक दिसतो, वयस्कांना आठ ते बारा लागू शकतात. तोवर धीर सोडायचा नाही.

औषधाआधी साधी तपासणी हवी: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सोडियम, बी-१२. मांसाहार न करणाऱ्या माळकरी घरांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे आणि त्यानंही थकवा नि विसराळूपणा येतो. कानही तपासा. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प राहतो आणि घरच्यांना ते नैराश्य वाटतं, किंवा उलट.

विसरण्याबद्दल तुमच्या भावाला सांगा की नैराश्यातही माणूस विसरतो. असा रुग्ण स्वतःच सांगतो, "माझं डोकं चालेना", आणि प्रश्न विचारला की "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो. मन सुधारलं की हे विसरणं बरंच सुधारतं. स्मृतिभ्रंश वेगळा. तरी दोन्ही एकत्र असू शकतात, त्यामुळं नैराश्यावर उपचार झाल्यावर स्मरणाची चाचणी पुन्हा करून घेतात.

झोपेच्या गोळीबद्दल एकच कळकळीची विनंती. ती एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलेली अल्प्राझोलाम झटक्यात थांबवली तर अस्वस्थता वाढते, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीत टप्प्याटप्प्यानं कमी होते. पण कमी व्हायलाच हवी. या गोळ्या पीटीएसडी बरा करत नाहीत, आणि वयस्कांत तोल जाणं, पडणं, खुब्याचं हाड मोडणं, गोंधळणं हे सगळं त्यांनी वाढतं.

बोलण्याच्या उपचारांवर उद्या लिहिते, ओपीडी आहे.

औषधवाला_निलंगा

मॅडमनी सांगितलेलं सोडियमचं मी दुकानात रोज बघतो म्हणून भर घालतो. नैराश्याची ही औषधं वयस्क माणसाच्या रक्तातलं सोडियम खाली आणू शकतात. त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. सुरुवातीच्या काही आठवड्यांत आई अचानक सुस्त झाली, भलतंच बोलायली, तोल जायला लागला, तर "औषध लागू पडेना" म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

दुसरं, अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघ्यासाठी घेतात त्या दुखण्याच्या गोळ्या यांच्यासोबत पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टरांकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच न्या, काढे आणि चूर्णंही. अमिट्रिप्टिलिन नावाची जुनी, स्वस्त गोळी खेड्यात झोपेसाठी आणि दुखण्यासाठी सर्रास देतात. वयस्कांत तिनं तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, गोंधळ होतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधीची कुणाची उरलेली पट्टी असेल तर ती देऊ नका.

आणि वाईट स्वप्नांसाठी काहींना प्राझोसिन देतात. ती मुळात बीपीची गोळी आहे. रात्री लघवीला उठताना चक्कर येते, म्हणून आधी बाजेवर बसायचं, मग उभं राहायचं. हे पेशंटला कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहिलं.

वारीवेडा

सगळ्यांचं बरोबर असेल, पण माझं प्रामाणिक मत, हरिपाठ आणि नामस्मरण यासारखं औषध नाही. माझी आत्या त्यावरच तरली. डॉक्टरच्या गोळीनं माणूस गुंगीत पडून राहतो.

मनोवैद्य

वारीवेडा, आत्यांना आधार मिळाला याचा मला आनंद आहे आणि तुमचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. नैराश्यावरच्या उपचारात एक महत्त्वाचा भाग असा आहे की मन लागो न लागो, माणसानं ठरवून थोडं थोडं काम, भेटीगाठी पुन्हा सुरू करायच्या. मन येण्याची वाट बघायची नाही, कृतीमागून मन येतं. संध्याकाळचं भजन, काकडा, एकादशीला दिंडीत चार पावलं, हे आपल्याकडं त्यासाठी तयारच आहे. मी रुग्णांना भजनी मंडळात जायला सांगते. पण ज्या बाईला टाळ उचलायचीही ताकद राहिलेली नाही, तिला "नाम घे" म्हणून घरी बसवणं अन्यायाचं आहे. आणि योग्य औषधानं माणूस गुंगीत राहत नाही. गुंगी बहुतेक झोपेच्या गोळीची असते.

आता बोलण्याचे उपचार. तेरणाकाठ, शाळेचा काही संबंध नाही. आघातावर नेमकं काम करणाऱ्या उपचारात समुपदेशक त्या माणसाला सुरक्षित जागी, त्याच्या वेगानं, ती रात्र पुन्हा पुन्हा सांगायला मदत करतो. सुरुवातीला त्रास वाढतो, मग आठवणीची धार कमी होते. सोबत टाळलेल्या गोष्टींकडं पायरीपायरीनं जायचं. आधी दिवसा दार उघडं ठेवून स्लॅबच्या खोलीत थोडा वेळ बसायचं, मग जेवायचं, मग दुपारची डुलकी. डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर नावाची पद्धतही यासाठी वापरतात. वय जास्त म्हणून हे उपचार नाकारू नयेत. हृदयाचं ताजं दुखणं किंवा बऱ्यापैकी स्मृतिभ्रंश असेल तर वेग कमी करतात, पद्धत बदलतात, इतकंच. ज्यांना ती रात्र सांगणं अजून झेपत नाही त्यांच्यासोबत सगळा जन्मच उलगडत जातात: माहेर, लग्न, पहिली सुगी, भूकंप, आणि त्यानंतर उभं केलेलं सगळं. वयस्क माणसांना हे मानवतं.

सोपानगुरुजी

मी स्वतः त्यातला. उमरगा तालुक्यातला, निवृत्त शिक्षक. हा धागा वाचून लिहावं वाटलं.

माझी बायको आणि दोन लेकरं गेली. मी दुसऱ्या वर्षी पुन्हा शाळेवर हजर झालो. लोकं म्हणाले गुरुजी खंबीर. नोकरी होती तोवर वर्गात उभं राहिलं की भागायचं. निवृत्त झालो आणि दिवस मोकळा झाला, तसं ढिगाऱ्याखालचे आवाज यायले. नव्या गावात घरं लांब लांब, चौकोनात आखलेली. जुन्या गावात ओट्यावर बसलं की दहा माणसं दिसायची, हितं दार लावलं की कुणी नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना हे नवं गाव मानवलंच नाही. सरकारनं घर दिलं, त्याबद्दल कृतज्ञ आहे, पण शेजार देता येत नाही.

पुतण्यानं उमरग्याला समुपदेशकाकडं नेलं. मला वाटलं हे कालचं पोर मला काय सांगणार. त्यानं काही सांगितलंच नाही, ऐकलं. लेकरांची नावं मी किती वर्षांनी मोठ्यानं घेतली. पहिले काही दिवस झोप अजून बिघडली, हे मॅडम म्हणतात ते खरं आहे. घरच्यांनी त्या वेळी "सोडून द्या, उगाच त्रास" म्हणू नये. औषधही घेतलं, अजून घेतोय. आता आवाज येत नाहीत असं नाही. येतात, पण मी त्यांच्यासोबत चहा करू शकतो, शेतात जाऊ शकतो.

तेरणाकाठ, आईला तुमच्या बहिणीबद्दल विचारा. ती कशी होती, काय खायची. गेली कशी ते नका विचारू, ते समुपदेशकावर सोडा. आम्हाला वाटतं की आम्ही बोललो तर लेकरांना त्रास होईल. लेकरांना वाटतं विचारलं तर आम्हाला होईल. या चुपीत माणूस एकटा पडतो.

नळदुर्गकर

गुरुजी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

हा विषय भूकंपापुरता नाही म्हणून सांगतो. माझी नानी नव्वदीच्या घरात आहे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी कारवाईच्या वेळी ती लहान होती, घरातली पुरुषमाणसं गेली ती परत आली नाहीत. आमच्या शेजारच्या देशपांडे आजोबांचं बालपण त्याआधीच्या रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या) धाकात, ज्वारीत लपून गेलेलं. दोघं म्हातारपणी एकाच गोष्टीला घाबरायले, रात्री दारावर थाप पडली की. नानीला विसरण्याचा आजार आहे, आणि अलीकडचं जसं पुसलं जायलंय तसं ते जुनं वर आलंय. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, तिच्याशी वाद घालू नका, "तसलं काही नाही" म्हणू नका. दिवा लावा, हात धरा, "मी आहे, दार लावलंय" म्हणा. याचा गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला.

आशाताई_लोहारा

मी गावात आशा म्हणून काम करते. माझं म्हणणं अगदी व्यवहाराचं आहे.

म्हातारी माणसं "मला नैराश्य आलंय" असं कधीच म्हणत नाहीत. "करमत नाही", "देवानं न्यावं आता", "माझा काय उपयोग" असं म्हणतात. आमच्या प्रशिक्षणात सांगितलंय की "देवानं न्यावं" हे ऐकलं की थांबायचं आणि सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आपल्या भागात घरोघरी फवारणीचं औषध असतं. घरात असं कुणी असेल तर ते औषध आजच कुलपात ठेवा किंवा दुसऱ्याच्या शेतातल्या कोठीत न्या. झोपेच्या गोळ्यांची पट्टीही त्यांच्या हाती देऊ नका, रोजची रोज द्या. आणि हो म्हणाले तर त्यांना एकटं न सोडता दवाखान्यात न्या.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. लातूरचं आणि अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि संभाजीनगरची घाटी, तिन्हीकडं हा विभाग आहे. जाणं जमत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीची सरकारी फोनसेवा, १४४१६, रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलतात. २०२२ पासून सुरू आहे, पण माझ्या गावात निम्म्यांना माहीतच नव्हतं. मी भिंतीवर लिहून घेतलं.

निटूरची

ताई, "देवानं न्यावं" सासरे रोज म्हणतात. आम्ही ते बोलायची रीत समजत होतो. आज रात्रीच विचारते. फवारणीचं औषध नवरा आत्ताच वाड्यातून काढून बाहेर नेतोय.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे बरेच दिवस लिहिता आलं नाही, आता खबर देतो.

आईला लातूरला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. यायला तयार नव्हती, "मी येडी हाय का" म्हणाली. मी म्हटलं, धडधडीवर दाखवायचंय, आणि ते खोटंही नव्हतं. डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं, म्हातारपणातल्या नैराश्याची पंधरा प्रश्नांची चाचणी केली. होय-नाहीत उत्तरं द्यायची असतात, आईला सोपं गेलं. रक्त तपासलं. बी-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. सर्ट्रालिन लहान मात्रेत सुरू केलं, मग वाढवलं. झोपेची गोळी पावपावनं कमी चाललीय. औषधवाल्या भाऊंनी सांगितलं म्हणून गोळ्यांची पिशवी नेली होती. त्यात दुखण्याच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या निघाल्या, दोन्ही डॉक्टरांनी बंद केल्या.

पहिला महिना काहीच फरक नव्हता. भाऊ म्हणायला लागला बंद करू. मनोवैद्य मॅडमची आठ ते बारा आठवड्यांची गोष्ट त्याला वाचून दाखवली. त्यानंतर हळूहळू भूक परत आली. परवा तिनं स्वतःहून शेंगदाण्याची चटणी कुटली. झोप अजून तुटक आहे, ट्रकला अजून दचकते.

गुरुजी, तुमचं ऐकून बहिणीबद्दल विचारलं. आई संध्याकाळभर बोलत होती. बहिणीला गूळ-तूप-पोळी आवडायची हे मलाही आठवत नव्हतं.

आता दोन प्रश्न आहेत. बरं वाटायला लागलं की औषध कधी बंद करायचं? आणि समुपदेशन अजून सुरू झालेलं नाही. आमच्या इथली तारीख फार लांबची मिळालीय.

मनोवैद्य

चटणीचं वाचून खरंच आनंद झाला. या आजारात उतार असाच दिसतो, आधी भूक आणि हाताचं काम, झोप आणि दचकणं मागून.

औषध बरं वाटल्यापासून निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. वयस्क माणसांत आणि जुन्या आघातात बहुधा त्याहून जास्त. बंद करायचं ते डॉक्टरच हळूहळू करतील. सध्याच्या मात्रेवर पुरेसे आठवडे होऊनही झोप आणि दचकणं तसंच राहिलं तर मात्रा वाढवणं, औषध बदलणं किंवा भूक-झोप दोन्हीला मदत करणारं मिर्टाझापिनसारखं दुसरं औषध, असे मार्ग उरतात. एक औषध कमी पडलं म्हणजे उपचार फसला असं समजू नका. नैराश्य इतकं खोल गेलं की माणूस खाणंपिणंच सोडतो, तेव्हा भूल देऊन दिली जाणारी विजेची उपचारपद्धतही वयस्कांत चांगली लागू पडते. तिच्याबद्दल लोकांत भीती आहे म्हणून नाव घेतलं, तुमच्या आईंना आज तिची गरज दिसत नाही.

समुपदेशनाची तारीख मात्र गणपतीच्या आधीची मिळवा. तो महिना त्यांना जड जातो हे तुम्हाला माहीत आहे. त्या सुमारास औषधाची मात्रा कमी करायची नाही, घरात कुणीतरी मुक्कामाला राहायचं, टीव्हीवर भूकंपाची जुनी चित्रं लागली की बंद करायचा. ३० तारखेला किल्लारीच्या स्मारकाला जायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. जायचं म्हणाल्या तर सोबत जा, नाही म्हणाल्या तर आग्रह नको. तोवर सोडियम एकदा पुन्हा तपासून घ्या, मात्रा वाढवल्यानंतरचं तुम्ही लिहिलेलं दिसलं नाही.

सोपानगुरुजी

तेरणाकाठ, माझे समुपदेशक उमरग्याला आठवड्यातून एकदा बसतात. तुमच्या आईला लातूरपेक्षा ते जवळ पडेल का बघा. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो. पहिल्या दिवशी सोबत कुणी हवं असेल तर मी येतो, वयाची माणसं समोर असली की बोलायला सोपं जातं.

तेरणाकाठ

गुरुजी, उमरगाच जवळ. व्यनि मिळाला. आईला विचारलं, "ते गुरुजी येणार असतील तर येते" म्हणाली. सोडियमची तपासणी सोमवारी करून घेतो, रिपोर्ट आला की इथंच टाकतो.